मदत हवी आहे: घराजवळ उत्तम सुशी मिळतेय, घरच्यांना काय खायला घालू?

नमस्कार मंडळी. रत्नागिरीत आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक छोटंसं सुशीचं हॉटेल सुरू झालंय आणि ते खरंच फार चांगलं आहे. भात कोमट, व्हिनेगर बेताचं, नोरी (भाताभोवती गुंडाळतात तो वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा पातळ कागदासारखा पापुद्रा) कुरकुरीत. मीठ लावून व्हिनेगरमध्ये मुरवलेला बांगडा भातावर ठेवून देतात, तो तर अप्रतिम! बांगडा जन्मभर खातोय, पण असा कधीच नाही.

आता आई-बाबांना आणि वहिनीला न्यायचंय. वहिनीला पाचवा महिना आहे, त्यामुळे तिला कच्चं काही द्यायचं नाही. उकडलेली कोळंबी, अंड्याची सुशी, काकडीचा रोल एवढंच सुचतंय. अजून काय मागवू? आई तर कच्च्या माशाचं नाव काढलं तरी ताटावरून उठेल.

दुसरं म्हणजे, मासा उणे २० अंशांवर ७ दिवस गोठवला की त्यातले कृमी मरतात, सगळे जंतू मात्र मरत नाहीत. तिथे मासा असा गोठवतात का, हे मालकांना वाईट न वाटता कसं विचारावं? आणि १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, तेव्हा तिथे काय खावं? अनुभव असलेल्यांनी कृपया सांगा, रविवारी जायचा बेत आहे.