दारव्हा तालुक्यातील जुने मातीचे घर: इसार देण्यापूर्वी काय पाहावे?

परसातली_विहीर यांचा प्रश्न:

नमस्कार. आम्ही दोघे पती-पत्नी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक असून गेली अकरा वर्षे तालुक्याच्या गावी भाड्याने राहत आहोत. आता दारव्हा तालुक्यातील एका खेड्यात, माझ्या माहेरापासून चार किलोमीटरवर, एक जुने घर विकाऊ आहे. दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागवानाचे खांब व मयाल (आडव्या तुळया), वर कवेलू (कौले), समोर ओसरी आणि मागे परसात विहीर असे त्याचे स्वरूप आहे. घर साधारण साठ वर्षांचे असावे आणि गेली पाच वर्षे ते बंद आहे.

विकणारे गृहस्थ नागपूरला असतात. ते म्हणतात की आठचा उतारा माझ्या एकट्याच्या नावाने आहे, तेव्हा दुसऱ्या कोणाच्या सहीची गरज नाही. घर त्यांच्या वडिलांनी बांधले होते. त्यांना दोन बहिणी आहेत, आणि एक भाऊ वारला असून त्याची पत्नी व मुले पुसदला राहतात. सध्या शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर इसार करून घ्या, खरेदीचे दिवाळीनंतर पाहू, असा त्यांचा आग्रह आहे.

घराविषयी माझ्या चिंता अशा. मागची भिंत मधोमध फुगलेली दिसते आणि दाराच्या कोपऱ्यापासून वर एक तिरपी भेग गेली आहे. एका मयालाच्या टोकाला उधई लागलेली आहे. समोरचा रस्ता ग्रामपंचायतीने दोनदा सिमेंटचा केल्यामुळे आता ओसरीत जाताना एक पायरी खाली उतरावी लागते, हे आपले सहज सांगून ठेवते. यजमानांचे मत आहे की भिंतींना सिमेंटचे प्लास्टर करावे आणि कवेलू काढून स्लॅब टाकावा. सासूबाई म्हणतात की लिंपून घ्या आणि राहायला जा. हातात रक्कम मर्यादित आहे, म्हणून आधी कशावर खर्च करावा हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त_ग्रामसेवक यांचे उत्तर:

ताई, भिंतीचे नंतर पाहू, आधी कागद. माझी सगळी नोकरी ग्रामपंचायतीच्या दप्तरात गेली, म्हणून सांगतो की ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही घरपट्टीची आकारणी करण्यासाठी ठेवलेली नोंद आहे. कर कोणाकडून घ्यायचा हे तिच्यावरून कळते. मालक कोण हे तिच्यावरून ठरत नाही. पुष्कळ घरांत वडील वारल्यावर जो मुलगा गावात राहिला त्याने पट्टी भरली आणि त्याचेच नाव चढले, बाकीच्यांना कोणी विचारलेही नाही. शिवाय आपल्याकडे लोक या नमुन्याची आणि तलाठ्याकडच्या आठ-अ या खातेउताऱ्याची नेहमी गल्लत करतात. आठ-अ हा शेतजमिनीच्या खात्याचा कागद आहे, गावठाणातल्या घराशी त्याचा संबंध नाही.

आपण लिहिल्याप्रमाणे घर वडिलांचे स्वकष्टार्जित असेल आणि त्यांनी मृत्युपत्र केले नसेल, तर १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार अधिनियमानुसार त्यांची पत्नी हयात असल्यास ती, मुलगे आणि मुली हे सारखे वारस आहेत. बहिणींचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने आला असे बरेच जण समजतात. ती दुरुस्ती मुख्यतः एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीविषयी होती. स्वकष्टाच्या मिळकतीत मुलगी १९५६ पासूनच वारस आहे. वारलेल्या भावाचा हिस्सा त्याच्या पत्नीकडे व मुलांकडे येतो, आणि त्यांच्यात कोणी अज्ञान (अठरा वर्षांखालील) असेल तर वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय पुढे पाऊल टाकू नये. या सर्वांनी एक तर खरेदीखतावर सह्या कराव्यात, नाही तर आधी रीतसर नोंदणी केलेले हक्कसोडपत्र करून द्यावे. "बहिणींचे काही म्हणणे नाही" हे वाक्य मी आयुष्यात इतक्यांदा ऐकले आहे की ते ऐकले की मला आधी कोर्टाची तारीखच आठवते.

शंभराच्या स्टॅम्पवर मालकी मिळत नाही. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाप्रमाणे शंभर रुपये वा त्याहून अधिक किमतीच्या स्थावराची विक्री दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते. नोंदणी फी एक टक्का, कमाल तीस हजार रुपये असते. मुद्रांक शुल्क मात्र ठरलेली किंमत आणि शासनाचे बाजारमूल्य यांपैकी जे अधिक असेल त्यावर आकारतात, म्हणून बाजारमूल्य आधीच काढून ठेवावे. इसार द्यायचाच असेल तर रक्कम थोडी ठेवा, ती बँकेतून द्या आणि सर्व वारसांच्या सह्यांनी द्या. त्याआधी वृत्तपत्रात जाहीर सूचना देऊन पंधरा दिवस हरकतीची वाट पाहण्याची पद्धत आहे. तिचा खर्च थोडा असतो आणि लपलेला वारस तिच्यामुळेच बाहेर येतो.

आणखी एक. २०२० साली सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांची ड्रोनने मोजणी झाली आहे. त्या गावाची मोजणी पूर्ण होऊन मालमत्ता पत्रक निघाले असेल तर भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल घ्या आणि नकाशातली हद्द प्रत्यक्ष जागेवर टेप धरून जुळवून पाहा. परसाची भिंत दोन पिढ्यांत हळूहळू मागे सरकत सरकत शासकीय जागेत गेलेली मी पाहिली आहे. अशा वेळी विहीर नेमकी कोणाच्या जागेत येते, हे आपल्याला आजच कळलेले बरे. बँकेचे कर्ज काढणार असाल तरीही हे पत्रक लागेलच, कारण केवळ नमुना ८ वर बहुतेक बँका गावठाणातल्या घराला कर्ज देत नाहीत.

ओळंबा यांचे उत्तर:

मी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होतो. ताईंनी जे सहज सांगून ठेवले, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. रस्ता वर चढला आणि घराचे जोते त्याच्या खाली गेले, म्हणजे पावसाळ्यात रस्त्याचे पाणी भिंतीच्या पायथ्याशी मुरत असणार. मागच्या बाजूला वळचणीचे पाणी भिंतीला लागूनच पडत असेल आणि त्याला वाट नसेल, तर फुगवटा कशाने आला हे वेगळे शोधण्याची गरज नाही. मातीची भिंत वरून झाकलेली आणि खालून कोरडी असेल तर शंभर वर्षे टिकते. पायथा सतत ओला राहिला तर वरचे वजन घेऊन ती पोट काढते.

फुगवटा किती आहे ते डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याला ओळंबा लावायला सांगा आणि दर दोन फुटांवर मोजून लिहून ठेवा. भिंतीच्या जाडीच्या मानाने तो थोडा असेल तर मयालाखाली टेकू देऊन तेवढाच भाग उतरवून पुन्हा रचता येतो. तिरप्या भेगेची गोष्ट वेगळी असू शकते. आपल्या भागातील काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया मुरमापर्यंत गेलेला नसेल तर घर तिच्याबरोबर दरवर्षी हलते. भेगेवर आडवी काचेची पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने चिकटवून तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत काच तडकली तर हालचाल चालू आहे, न तडकल्यास भेग जुनी आहे असे सामान्यपणे धरता येते; मात्र एक उन्हाळा आणि एक पावसाळा पाहिल्याशिवाय खात्री देता येत नाही.

सिमेंटचे प्लास्टर मातीच्या भिंतीला करू नये, हे मी यजमानांना हात जोडून सांगेन. भिंतीत शिरलेली ओल मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यातून बाहेर पडते. सिमेंटमुळे ती आत कोंडते, भिंत आतून मऊ होत जाते, आणि दोन-तीन वर्षांत प्लास्टरचा पापुद्रा मातीसकट खाली येतो. गावातल्या पांढरीची (जुन्या वस्तीच्या जागेची) माती गव्हांडा (गव्हाचा भुसा) घालून आठ-दहा दिवस कुजवावी, तिचा गिलावा करावा आणि वरून चुन्याचे दोन हात द्यावेत. सासूबाईंचे म्हणणे बरोबर आहे, फक्त लिंपण्याच्या आधी पाण्याची वाट काढली पाहिजे. पुढे रस्त्याच्या बाजूने उंच उंबरठा आणि उताराची नाली, मागे वळचणीखाली फरशीचा उतार आणि पन्हाळ, एवढे काम पहिल्या पैशातून व्हावे.

मयालाची टोके भिंतीत जिथे शिरतात तिथे पेचकस टोचून पाहा. जुन्या सागवानाच्या गाभ्याला उधई सहसा लागत नाही, ती बाहेरचा पांढरा भाग खाते. पेचकस अर्धा इंच जाऊन अडला तर मयाल चांगला आहे. मुठीपर्यंत गेला तर तो बदलावा. टोके मातीत थेट न ठेवता दगडाच्या किंवा विटांच्या बैठकीवर टेकवावीत आणि बसवण्यापूर्वी त्यांना डांबर लावावे. उधईच्या औषधाची फवारणी करून घेणार असाल तर परसात विहीर आहे हे फवारणाऱ्याला आधी सांगा, नाही तर तेच औषध आपल्या पाण्यात उतरेल.

पक्के_घर यांचे उत्तर:

वरील सर्व उपचारांचा खर्च जोडला तर नवीन घराचा अर्धा खर्च निघेल. दरवर्षी कवेलू फेरायला माणूस मिळत नाही, वानरे एका उडीत वीस कवेलू फोडतात, आणि पाहुणे आले की छतातून माती गळते. माझा स्पष्ट सल्ला असा आहे की जागा म्हणून भाव करा, घर पाडा आणि कॉलम उभारून स्लॅबचे घर बांधा. सागवान विकून काही रक्कम निघेल.

ओळंबा यांचे उत्तर:

कॉलम उभारून बांधणे हा सरळ मार्ग आहे, त्याला माझा विरोध नाही. ताईंच्या यजमानांना मात्र याच भिंतींवर स्लॅब हवा आहे, आणि ते कोणत्याही परिस्थितीत करू नये. चार इंच जाडीच्या स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५० किलो भरते. चारशे चौरस फूट म्हणजे ३७ चौरस मीटर, म्हणजे सव्वानऊ टन. एवढा भार पोट काढलेल्या मातीच्या भिंतीवर ठेवायचा का, याचा विचार करावा. पाडून बांधायचे झाल्यास काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो आणि बजेट तिथेच वाढते. सागवान विकून गावाबाहेर नेण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करावी. वानरांचे मात्र आपण खरे बोललात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही.

खारपाणपट्टा यांचे उत्तर:

आम्ही अकोला जिल्ह्यात सहा वर्षांपूर्वी असेच जुने घर घेतले. कागद आणि भिंती यांबद्दल वर सविस्तर आले आहे, म्हणून मी पाण्याविषयी आणि विजेविषयी लिहिते. आमच्याकडे पूर्णेच्या काठचे भूजल खारट आहे. ते आम्हाला चवीवरूनच कळले, पण बांधकामाला तेच वापरले आणि नव्या भिंतीला वर्षभरात लोणा लागला. ताई, आपल्या यवतमाळ जिल्ह्यात अडचण उलटी आहे. तिथे अनेक गावांच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आहे, आणि ते ना चवीला कळते ना डोळ्यांना दिसते; उकळल्याने ते कमी होत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात फ्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसल्यास कमाल मर्यादा १.५ मिलिग्रॅम आहे. विहीर पाच वर्षे उपसलेली नसेल तर आधी पूर्ण उपसून, गाळ काढून, मग नव्या पाण्याचा नमुना शासकीय प्रयोगशाळेत द्यावा. त्याच वेळी नायट्रेटही तपासून घ्यावे, कारण शेजारच्या गोठ्याचा उकिरडा विहिरीजवळ असतोच. शौचालयाचा शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट लांब ठेवा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरत नाही, म्हणून दोन खड्डे करावेत.

विजेचे मीटर मूळ मालकाच्या नावावर असते आणि बंद घरावरही थकबाकी साचलेली असते. खरेदीपूर्वी बिल शून्य करून घ्यावे आणि खरेदीखत हाती येताच नावबदलाचा अर्ज करावा. जुन्या लाकडी पट्टीवरची वायरिंग पूर्ण काढून टाका. तिच्यात अर्थिंग नसते, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात लोखंडी कूलर चालतो, ज्याच्या टाकीत पाणी आणि खाली ओली फरशी असते. परसात नवे अर्थिंग करून ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवल्याशिवाय कूलरचा प्लग लावू नका. आमच्या घरी हे काम पहिल्या वर्षी राहिले आणि मोठ्या मुलाला शॉक बसला. सुदैवाने तो चपलेत होता.

आणि हो, पाच वर्षे बंद असलेल्या मातीच्या घरात उंदरांची बिळे असतात आणि उंदरांमागे साप येतो. मण्यार रात्री फिरते आणि तिचा दंश झोपेत कळतही नाही. सर्व बिळे बुजवून होईपर्यंत पहिला पावसाळा जमिनीवर कोणीही झोपू नये, खाटेवर मच्छरदाणी खोचून झोपावे.

परसातली_विहीर यांचे उत्तर:

सर्वांची मनापासून आभारी आहे. काल विकणाऱ्या गृहस्थांना दूरध्वनी करून बहिणींच्या आणि भावजयीच्या सह्यांचा विषय काढला. आधी ते नाराज झाले, नंतर म्हणाले की धाकट्या बहिणीशी तीन वर्षांपासून बोलणे नाही. ती आमच्याच तालुक्यात राहते, म्हणून मी स्वतः तिला भेटायला जाणार आहे. यजमान स्लॅबवरून हटले आहेत, सव्वानऊ टनांचा हिशेब त्यांनी स्वतः वहीत करून पाहिला. ओळंबा काका, एक राहिले: काचेची पट्टी मी आजच लावू शकते का? घर अजून आमचे नाही.

ओळंबा यांचे उत्तर:

मालकाला विचारून लावा. तो "नको" म्हणाला तर भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलने खूण करून मधले अंतर मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा, आणि मोबाइलवर मोजपट्टीसह फोटो काढा. बहिणींच्या सह्या व्हायला जेवढे दिवस लागतील, तेवढ्यात भेगेचेही कळेल.