लायब्ररी टाकली आणि अ‍ॅप लोकेशन मागायला लागलं

देवगडची_बाग:
नमस्कार मंडळी, आमची हापूसची बाग आहे आणि पेट्यांच्या बुकिंगसाठी मीच अँड्रॉइड अ‍ॅप करतोय, कोटलिन भाषेत. दोन ठिकाणी अडलोय. पेटीवरचा क्यूआर स्कॅन करायला एक जुनी लायब्ररी (दुसऱ्याने लिहिलेला तयार कोड) ग्रेडलमध्ये, म्हणजे अ‍ॅप बिल्ड करणाऱ्या साधनात, टाकली तर सिंक करताना 'कुड नॉट रिझॉल्व्ह', म्हणजे सापडत नाही, असा एरर येतो, सकाळपासून तेच चाललंय. दुसरी, महिन्याच्या बुकिंगचा आलेख काढणारी, ती मात्र लगेच बसली, पण अ‍ॅप काकांच्या फोनवर टाकलं तर परमिशनमध्ये लोकेशन दिसायला लागलं, मी मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे अ‍ॅपच्या परमिशन लिहायच्या फाइलमध्ये, फक्त इंटरनेट लिहिलंय हो! काका म्हणाले "आंब्याक लोकेशन कित्याक व्हया रे?" आणि अ‍ॅप काढूनच टाकलं. मला खरंच वाईट वाटलं, कारण त्यांचा प्रश्न बरोबर आहे.

मिरकरवाडा_बंदर:
पहिलं दुखणं बहुतेक जेसेंटरचं, म्हणजे जिथून ग्रेडल लायब्ररी उतरवायचं त्या जुन्या ऑनलाइन भांडाराचं. ते २०२१ मध्ये फक्त वाचण्यापुरतं राहिलं आणि २०२४ मध्ये तिथल्या रिक्वेस्ट मावेन सेंट्रल या दुसऱ्या भांडाराकडे वळवल्या, म्हणजे जी लायब्ररी फक्त जेसेंटरवर होती ती आता मिळायचीच नाही. मावेन सेंट्रलवर त्याच नावाने आहे का बघ, नसेल तर सोडून दे, इतकी वर्षं कोणी हात न लावलेला कोड पेटीच्या हिशोबात नको. क्यूआरसाठी गूगलचा कोड स्कॅनर घे, स्कॅनिंग प्ले सर्व्हिसेस (फोनमधलं गूगलचं सॉफ्टवेअर) करते त्यामुळे तुझ्या अ‍ॅपला कॅमेऱ्याची परमिशनसुद्धा लागत नाही. फक्त त्याचं मॉड्यूल एकदा डाउनलोड व्हावं लागतं, ते प्ले स्टोअरवरून अ‍ॅप इन्स्टॉल होतानाच उतरेल असं मॅनिफेस्टमध्ये लिहून ठेव, नाहीतर बागेत रेंज नसेल तिथे अडशील.

गुहागरकर:
लोकेशनचं सांगतो. प्रत्येक लायब्ररीचं स्वतःचं मॅनिफेस्ट असतं आणि बिल्ड होताना ते तुझ्यात मिसळतं, परमिशनसकट. अँड्रॉइड स्टुडिओत मॅनिफेस्ट उघड, खाली 'मर्ज्ड मॅनिफेस्ट' टॅब आहे, कुठली ओळ कोणाकडून आली ते तिथे दिसतं. तुझ्या मॅनिफेस्टमध्ये त्या ओळीला 'टूल्स नोड रिमूव्ह' लावून ती परमिशन काढता येते, पण लायब्ररी आतून लोकेशन वापरत असेल तर अ‍ॅप क्रॅश होऊ शकतं, म्हणून नंतर सगळे स्क्रीन फिरून बघ. आणि प्ले स्टोअरच्या डेटा सेफ्टी फॉर्ममध्ये लायब्ररी जे गोळा करते तेही तुलाच जाहीर करायचंय, ते विसरू नको. नवी लायब्ररी टाकली की मी आधी हा टॅब बघतो, मग पुढची ओळ लिहितो. लायब्ररीच्या व्हर्जन नंबरमध्ये अधिकचं चिन्हही टाकू नको, नवं व्हर्जन आलं की तेच उचललं जातं आणि आज चाललेला बिल्ड उद्या आपोआप बदलतो.

देवगडची_बाग:
सापडलं!! आलेखवालीच होती, आणि तिने ओढून आणलेली आणखी एक, जाहिरातींचा हिशोब ठेवणारी. दोन्ही काढल्या, बारा महिन्यांचे बारा खांब अँड्रॉइडच्याच कॅनव्हासवर (चित्र काढायच्या सोयीवर) स्वतःच काढले, संध्याकाळभरात झालं. स्कॅनरही घरी चालतोय. उद्या सकाळी सड्यावर, जिथे एक काडीही रेंज येत नाही, तिथे पेटी घेऊन जातो आणि येताना काकांच्या फोनवर परत टाकतो.