विषय: भावाची लोकल सुटली. थेरपी नेमकी कुठली?

प्रेषक: अनघा

नमस्कार मंडळी,
गणपतीच्या वर्गणीच्या मेलांत हा विषय मध्येच घुसवतेय, रागावू नका. माझा धाकटा भाऊ मुलुंडला असतो. गेल्या पावसाळ्यात कुर्ल्याजवळ लोकल अडकली, डब्यात मरणाची गर्दी, आणि त्याला वाटलं हार्ट अटॅकच आला. ईसीजी, टू-डी इको, सगळं नॉर्मल. तेव्हापासून लोकल बंद, रोज टॅक्सीनं लोअर परळ. समुपदेशक बाईंकडे सहा वेळा जाऊन आला. ‘फार छान ऐकून घेतात’ म्हणतो, पण गाडीत पाय ठेवत नाही. आईचं मत, थेरपी म्हणजे पैसे देऊन गप्पा. मलाही आता तसंच वाटायला लागलंय. कुणाला अनुभव?

प्रेषक: विनयकाका, दादर

अनघा,
भारतात परतलो तरी आपल्या तिकडच्या मंडळाच्या मेल-लिस्टवरून नाव काढलेलं नाही, ते आज कामी आलं. तुझ्या भावाचं झालं तेच माझं २००९ मध्ये झालं होतं.

पॅनिक म्हणजे एक चक्र. छाती धडधडते, मन म्हणतं ‘अटॅक!’, त्या भीतीनं ॲड्रेनलिन वाढतं, छाती आणखी धडधडते. नुसतं कुणी ऐकून घेतल्यानं हे सहसा तुटत नाही. त्याला सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी लागते. मला वाटलं होतं कोचावर पडून बालपण सांगायचं असेल. त्याऐवजी थेरपिस्टनं दुसऱ्याच सेशनला जागच्या जागी पळायला लावलं, खुर्चीत गरागरा फिरवलं, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला. छाती धडधडली, चक्कर आली, आणि मी मेलो नाही. एवढंच शिकायचं होतं.

मग शिडी. आधी नुसतं फलाटावर उभं राहायचं. मग दुपारच्या रिकाम्या स्लोनं दादर ते माटुंगा. मग दोन स्टेशनं. गर्दीची फास्ट अगदी शेवटी. भीती चढली म्हणून मध्येच उतरायचं नाही, ती ओसरेपर्यंत आत थांबायचं. खिशातली गोळी, हातातली पाण्याची बाटली असे आधारही एकेक करून सोडायचे. दारात उभं राहणं हा आधार की मुंबईकराची सवय, यावर आमचा चांगलाच वाद झाला! घरचा अभ्यास रोज, आणि तो टाळला की प्रगती शून्य.

ओसीडीची, म्हणजे मंत्रचळाची, थेरपी हिचीच सख्खी बहीण: हात धुवावेसे वाटले तरी न धुता बसून राहायचं. अपघाताच्या वगैरे आठवणी छळत असतील तर ईएमडीआर नावाची पद्धत आहे, डोळ्यांच्या हालचालींची. त्याचा मला अनुभव नाही.

भावाला सांग, फोनवरच विचार: पॅनिकसाठी सीबीटी करता का, एक्स्पोजर, म्हणजे हे भीतीला पायरीपायरीनं सामोरं जाणं, करून घेता का? क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असतील तर आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) नोंदणीही विचारावी. औषध लागलंच तर ते सायकिअ‍ॅट्रिस्ट देणार. खासगी परवडत नसेल तर केईएम, नायरला मनोविकार विभाग आहेत. रांग असते, वेळ काढून जायचं.

प्रेषक: मीनल

काका, शिडी पटली, पण ती सगळ्यांना नको. सासरे गेल्यावर पार्ल्यात सासूबाईंना एका थेरपिस्टकडे नेलं. त्यांनी सीबीटीतला विचार तपासायचा तक्ता भरायला दिला. सासूबाई म्हणाल्या, “माझं रडणं चुकीचं आहे का?” आणि पुन्हा गेल्याच नाहीत. दुसऱ्या बाईंनी आठवडेच्या आठवडे फक्त सासऱ्यांबद्दल विचारलं: काय खायचे, कशावरून भांडायचे. तीन महिन्यांनी सासूबाईंनी त्यांचं कपाट स्वतः उघडलं. तिथं ऐकून घेणं हाच उपचार होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांनी तर माणसाला न जोखता ऐकण्यावरच अख्खी पद्धत उभी केली. अनघा, तुझ्या भावाच्या बाईंना नावं ठेवू नकोस ग.

प्रेषक: अनघा

काका, मीनल, खूप आभार. भावानं बाईंनाच सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “एक्स्पोजर मी करत नाही, जे करतात त्यांचं नाव देते.” सहा सेशन हे विचारायचं कुणालाच सुचलं नव्हतं, त्यांनाही आणि आम्हालाही.

नव्या ठिकाणी दोनदा जाऊन झालंय. स्ट्रॉ तिथेही निघाला! रविवारी दुपारी मुलुंड ते नाहूर ठरलंय. आई म्हणते, एका स्टेशनासाठी कोण ट्रेन पकडतं, रिक्षानं जा.