एक्सवाय दिसलं की पुरुष, इतकं सोपं आहे का?

विक्षिप्त: काल एकानं लिहिलं, "एक्सएक्स बाई, एक्सवाय पुरुष. शाळेतलं जीवशास्त्र वाचा, बाकी सगळी फॅडं." डोकं फिरलं, म्हणून सविस्तर. वाय या गुणसूत्रावर एसआरवाय हे जनुक असतं, १९९० साली सापडलं. वृषणं घडायची सुरुवात त्याच्यामुळे होते. तेच चुकून एक्सवर सरकलं तर एक्सएक्स असूनही मुलगा जन्मतो. उलट वृषणं आहेत, टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन आहे, पण ते टिपणारे पेशींतले ग्राहीच बंद, तर बाहेरून शरीर बाईचं घडतं. हिला कुठल्या रकान्यात टाकणार?

रोखठोक: तो "एकानं" म्हणजे मीच. सहा बोटांचं मूल जन्मलं म्हणून हाताला बोटं पाच हे खोटं ठरत नाही. जननपेशी दोनच, बीजांड आणि शुक्राणू. तिसरी दाखवा.

विक्षिप्त: काल गुणसूत्रं होती, आज जननपेशी. उद्या काय?

रोखठोक: बरं बाबा, गुणसूत्रं घेतली मागे. पेढे वाटा.

धावपट्टी: या हट्टापायी माणसं भरडली गेलीत. ऑलिंपिकमध्ये १९६८ पासून बायकांच्या गुणसूत्र चाचण्या होत्या, १९९९ मध्ये बंद केल्या. स्पेनची हर्डलर मारिया होसे मार्टिनेझ पातिन्यो १९८५ मध्ये चाचणीत एक्सवाय निघाली. दुखापतीचं नाटक करून घरी बस, असं सांगितलं गेलं. ती पुढच्या वर्षी धावली, तर बातमी फुटली. शिष्यवृत्ती गेली, विक्रम पुसले, होणारा नवराही सोडून गेला. तिच्या शरीराला टेस्टोस्टेरॉन लागूच पडत नव्हतं! परत घ्यायला १९८८ उजाडलं.

आठशेमीटर: पातिन्योचं नाव पुढे करून सगळ्यांना आत सोडायचं, ही जुनी युक्ती. दक्षिण आफ्रिकेची धावपटू कॅस्टर सेमेन्या, तिच्या प्रकरणातला नियम ज्यांच्या शरीरावर हार्मोनचा परिणाम होतो अशा एक्सवाय खेळाडूंपुरताच होता. २०२५ पासून जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेची एसआरवाय चाचणी आलीय, त्यातही ग्राही पूर्ण बंद असणाऱ्यांना सूट आहे. मी धावलेय. शेवटच्या वळणावर फुप्फुसं फाटायला येतात तेव्हा समोरचीचं पौगंडावस्थेतलं टेस्टोस्टेरॉन काय असतं ते कळतं. तुम्ही खुर्चीतून धावा.

धावपट्टी: खुर्ची काढू नका. चाचणीचा कागद फुटला की आयुष्य कोणाचं फुटतं ते सांगा.

गप्पचबरी: शर्यत पुरे. माझ्या चुलत बहिणीला सोळाव्या वर्षीही पाळी नव्हती. सोनोग्राफीत गर्भाशय दिसलं नाही. डॉक्टरनं रिपोर्टवरून नजरही न उचलता काकूला सांगितलं, "तसा हा मुलगाच." ती शेजारीच बसली होती, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत. या लोकांना बोलायला कोण शिकवतं?

रोखठोक: वाईट झालं. तिला मी बाईच म्हणेन, वाद नाही.

विक्षिप्त: बीजांड नसतानाही? मग समाज जिला बाई मानतो ती बाई, हेच झालं की. जेंडर, म्हणजे समाजातलं बाईपण-पुरुषपण, हा शब्द जॉन मनी या मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये यासाठीच वेगळा काढला.

रोखठोक: मनीचं नाव तुम्ही घेताय? तान्हेपणी सुंता बिघडून लिंग गमावलेल्या डेव्हिड रायमरला त्यानं मुलगी म्हणून वाढवायला लावलं, प्रयोग यशस्वी म्हणून मिरवलं. चौदाव्या वर्षी खरं कळताच पोरगं मुलगा म्हणून जगायला लागलं. समाजच घडवतो म्हणे!

विक्षिप्त: मग डेव्हिडला मी मुलगा आहे हे आतून कळत होतं ना? ते आतलं मोजायला कुठली चाचणी आणताय?

आठशेमीटर: आतलं घरी ठेवा. शर्यत पायांनी होते.