मदत हवी आहे: पैलवान भावाचा चष्मा लेसर ऑपरेशननं घालवायचाय, लॅसिक की पीआरके?

मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. धाकटा भाऊ 22 वर्षांचा, तालमीत असतो, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेचार, वर्षभर नंबर हललेला नाही. साडेचार म्हणजे वीतभर अंतराच्या पुढचं सगळं धूसर. चष्मा कोनाड्यात ठेवून मातीत उतरतो आणि कुस्ती संपली की भिंत चाचपत तो कोनाडा शोधतो, बघून पोटात तुटतं ओ. लेन्स लावून बघितल्या, पण लाल माती आत गेली की लेन्सखाली अडकते, दोन-दोन दिवस डोळे लाल, सोडून दिलं शेवटी.

परवा डोळ्याच्या डॉक्टरांनी निवांत बसवून समजावलं. प्रकाश वाकवायचं जवळजवळ दोन तृतीयांश काम कॉर्निया, म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग, करतो, मायनस नंबरात प्रतिमा पडद्याच्या अलीकडंच तयार होते, म्हणून लेसरनं कॉर्निया मधोमध जरा सपाट करायचा. 193 नॅनोमीटरचा अतिनील लेसर असतो, आजूबाजूला न भाजता बारीक बारीक थर उडवतो, एका नंबरामागं साधारण 12 ते 15 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). भावाचा कॉर्निया 520 मायक्रॉन जाड भरला, टोपोग्राफी, म्हणजे कॉर्नियाच्या आकाराचा नकाशा, पण चांगली आली, म्हणजे ऑपरेशन होऊ शकतं.

अडलंय ते फ्लॅपवर. लॅसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा 100-120 मायक्रॉनचा पापुद्रा, म्हणजेच फ्लॅप, कापून वहीच्या पानासारखा उलटतात, खाली लेसर मारतात आणि परत बसवतात, टाका नाही काही नाही, दुसऱ्या दिवशी बऱ्यापैकी दिसतं. पण तो पापुद्रा आधीसारखा घट्ट कधीच जुळत नाही, डोळ्याला जोरात बोट लागलं तर काही वर्षांनीसुद्धा सरकू शकतो, आणि कुस्तीत बोट, कोपर, डोकं रोजचंच. पीआरकेत पापुद्राच नाही, वरची पातळ साल काढून थेट लेसर मारतात. फक्त तीन-चार दिवस आग आणि पाणी, साल भरेपर्यंत बँडेज लेन्स, नजर नीट स्थिरावायला काही आठवडे, कधी महिने पण, शिवाय थेंब बरेच दिवस.

आई म्हणते ज्यात पोराला दुखत नाही ते करा. मला मात्र पीआरकेच पटतंय, कुस्ती सोडायचा विषयच नाही त्याच्याकडं, मग चार दिवसांचं दुखणं सोसलेलं बरं.

तुमच्यात कुणी कुस्ती, कबड्डी किंवा बॉक्सिंग खेळणाऱ्यानं पीआरके केलंय का? मातीत परत कधी उतरलात, आधी मॅटवर सराव केला का, आणि रात्री मैदानातल्या फोकसचा त्रास किती दिवस झाला? पावसाळ्यात करून घ्यायचा विचार आहे, म्हणजे दिवाळीनंतर मैदानं सुरू होईपर्यंत हातात वेळ राहील, तेवढा पुरतो का तेही सांगा.