महायुद्ध ‘आपोआप’ पेटले म्हणे!

जुने दप्तर
काल या संकेतस्थळावरील एका लेखात असे वाचले की, युरोपातील सत्ता करारांच्या साखळीने जखडलेल्या असल्यामुळे २८ जून १९१४ रोजी सरायेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजावर गोळ्या झाडल्या जाताच महायुद्ध आपोआप पेटले आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी जर्मनी शरण येताच ते संपले. शाळेत चार गुणांसाठी मीही हेच लिहिले होते, म्हणून चीड अधिक आली. ती हत्या आणि ऑस्ट्रियाने सर्बियाविरुद्ध पुकारलेले युद्ध यांच्यामध्ये बरोबर एक महिना गेला. त्या महिन्यात जर्मन सम्राट कैसरने ऑस्ट्रियाला बिनशर्त पाठिंबा दिला, ऑस्ट्रियाने मान्य होऊच नये अशा बेताने निर्वाणीचा खलिता धाडला, सर्बियाने त्यातील बहुतेक अटी कबूल केल्यावरही ते उत्तर अपुरे ठरवले, आणि झारने सार्वत्रिक सैन्यसज्जतेचा एकदा मागे घेतलेला हुकूम ३० जुलैला पुन्हा काढला. यातील प्रत्येक कागदावर कोणाची तरी सही आहे. साखळी एवढीच बळकट होती, तर जर्मनी व ऑस्ट्रियाशी करार असलेली इटली १९१४ साली तटस्थ कशी राहिली आणि मे १९१५ मध्ये ऑस्ट्रियावरच कशी उलटली?

लोहमार्ग
कागदावरील सहीने सगळे थांबते असे ज्यांना वाटते, त्यांनी एकदा रेल्वेच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळी करून पाहावी. मी चौतीस वर्षे वाहतूक खात्यात काढली. एका पावसाळ्यात घाटात दरड कोसळली, तेव्हा अवघ्या सहा गाड्या दुसऱ्या मार्गाने वळवताना आमचे वेळापत्रक तीन दिवस जागेवर आले नव्हते. १ ऑगस्टच्या संध्याकाळी, इंग्लंड तटस्थ राहील अशी आशा वाटल्याने कैसरने सगळे सैन्य रशियाकडे वळवा असे म्हटले आणि सेनापती मोल्टके यांनी ते अशक्य असल्याचे सांगितले. त्यांच्या जागी मी असतो, तरी तेच सांगितले असते. रशियाची सज्जता पूर्ण होण्याआधी बेल्जियममार्गे फ्रान्सला लोळवायचे, या हिशेबावर अख्खी योजना बेतलेली होती, आणि पहिली गाडी सुटल्यावर राजाही प्रवासीच असतो.

जुने दप्तर
आपल्या अनुभवाचा आदर राखून सांगतो की, जर्मन सैन्याच्या रेल्वे विभागाचे प्रमुख जनरल श्टाब यांनी युद्धानंतर मोल्टके यांचे म्हणणे खोडून काढले होते आणि सैन्य पूर्वेकडे वळवता आले असते असे आकडेवारीनिशी मांडले होते. शिवाय केवळ रशियाविरुद्ध सैन्य उभे करण्याची पर्यायी योजना १९१३ साली बासनात गुंडाळली ती मोल्टके यांच्याच कचेरीने. आपणच दुसरा रूळ उखडायचा आणि मग गाडी वळत नाही म्हणून हात वर करायचे, याला नाइलाज म्हणत नाहीत.

लोहमार्ग
श्टाब यांनी युद्ध हरल्यानंतर, निवांत बसून लिहिले. चौकशी समितीपुढे सगळ्यांनाच सगळे शक्य होते, साहेब.

कृष्णाकाठ
आपण दोघे बर्लिनचे रूळ मोजत आहात, म्हणून विचारतो की, सातारा जिल्ह्यातील कुणब्याच्या पोराला बसऱ्याच्या दलदलीत नेणारा करार कोणता होता? ऑगस्ट १९१४ मध्ये व्हाइसरॉयने हिंदुस्थान युद्धात असल्याचे जाहीर केले, ते येथील एकाही माणसाला न विचारता. नोव्हेंबरात तुर्कस्तानशी युद्ध जुंपताच पुणे डिव्हिजनची पहिली तुकडी इराकच्या किनाऱ्यावर फाव येथे उतरली, कारण जवळच आबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना होता आणि तो चालवणाऱ्या कंपनीत इंग्लंडच्या सरकारने त्याच वर्षी मोठा हिस्सा घेतला होता. माझे पणजोबा ११७ व्या मराठा पलटणीत होते. इराकमधील कुत-अल-अमाराला तुर्कांनी घातलेल्या १४७ दिवसांच्या वेढ्यात शेवटी घोड्याचे मांस वाटले गेले. ते बहुतेक हिंदी शिपायांनी बरेच दिवस नाकारले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तेथील इंग्रज सेनापती जनरल टाउनशेंड शरण गेले, तेव्हा सुमारे तेरा हजार माणसे कैदेत पडली. टाउनशेंड यांना इस्तंबूलजवळच्या बेटावर बंगला मिळाला. शिपायांना वाळवंटातून चालवत नेले. पणजोबा त्या वाटेवर कोठे पडले, हे घरात कोणालाही कळले नाही. पणजीने तीन वर्षे कुंकू पुसले नाही आणि भावकीने तिला त्याबद्दलही बोल लावले.

तिरकस
आपल्या पणजोबांविषयी आदर आहेच, परंतु धागा युरोपचा आहे. आणि सगळा दोष इंग्रजांवर ढकलण्यापूर्वी हेही आठवावे की, सैन्यात भरती व्हा असे लोकमान्यसुद्धा सांगत होते. पणजोबा नोकरी म्हणूनच गेले असतील ना?

कृष्णाकाठ
होय, नोकरी म्हणूनच गेले, कारण कोरडवाहू जमीन चार भावांत वाटल्यावर जे उरते त्यावर चूल पेटत नाही. हे पुण्यामुंबईत बसून विचारणे सोपे आहे. टिळकांचे नाव अर्धवट माहितीवर वापरू नका. त्यांचा पाठिंबा स्वराज्याच्या मागणीशी बांधलेला होता, आणि जून १९१८ मध्ये मुंबईच्या युद्धपरिषदेत गव्हर्नर विलिंग्डन यांनी त्यांना त्या विषयावर बोलू दिले नाही, तेव्हा ते उठून निघून गेले. त्या वेळी ते मंडालेहून सुटून चारच वर्षे झाली होती. भरतीवाल्यांच्या रांगेत त्यांना उभे करण्यापूर्वी एवढे तरी वाचावे.

तिरकस
ठीक आहे, टिळकांचा मुद्दा मागे घेतो. स्वर मात्र आपण मागे घ्यावा.

लोहमार्ग
मूळ लेखाचे दुसरे वाक्य कोणी पाहिलेच नाही. ‘शरण येताच संपले’ यात चूक काय? ११ नोव्हेंबरच्या अटींत पाच हजार तोफा आणि पंचवीस हजार मशीनगनांबरोबर रेल्वेची पाच हजार इंजिने व मालाच्या दीड लाख वाघिणी मागितल्या होत्या. ज्या देशाची पाच हजार इंजिने एका सहीत जातात, तो शरणच गेलेला असतो, कागदाला युद्धविराम म्हणा नाही तर आणखी काही.

जुने दप्तर
इंजिनांचा मुद्दा निमूटपणे मान्य करतो. तो मला सुचला नव्हता. परंतु गोम अशी की, ती सही सेनापतींनी केलीच नाही. सप्टेंबरअखेर जर्मनीचा साथीदार बल्गेरियाने शस्त्रे टाकल्यावर जर्मन सेनापती लुडेनडॉर्फ यांनीच तातडीने युद्धविराम मागा म्हणून धोशा लावला, आणि फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या जंगलातील रेल्वेच्या डब्यात सही करायला पुढे केले ते एर्झबर्गर या मुलकी पुढाऱ्याला. शत्रूचे सैन्य तेव्हा बर्लिनपासून शेकडो मैल दूर होते, त्यामुळे परतणाऱ्या शिपायांना तुम्हांला कोणी हरवलेले नाही असे नव्या सरकारचे प्रमुख एबर्ट सांगू शकले. १९२१ साली एर्झबर्गर यांचा खून झाला. ज्याला युद्ध संपणे म्हणायचे, ते त्यांच्या खुन्यांच्या लेखी संपलेले नव्हते.

लोहमार्ग
म्हणजे शेवटी सही रेल्वेच्या डब्यातच झाली. एवढे मान्य केलेत, आभारी आहे.

कृष्णाकाठ
आमच्या गावच्या चावडीवर संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर गावातून किती माणसे गेली, किती परतली नाहीत, आणि खाली १९१४–१९१९ असे साल आहे. जर्मनीशी झालेल्या व्हर्सायच्या तहावरील सही २८ जून १९१९ ची, म्हणून. तुर्कस्तानशी तह मात्र लोझानला जुलै १९२३ मध्ये झाला. त्या हिशेबाने पणजोबांचे युद्ध पाटीलाही चार वर्षे पुरून उरले होते.