मदत हवी आहे : आईबाबांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला लक्षद्वीप, जहाजाने न्यावं की विमानाने?

नमस्कार मंडळी,

१२ फेब्रुवारी २०२७ ला आमच्या आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतील. हॉल, पंगती, सनई हे सगळं दोघांनी आधीच नको म्हणून सांगितलंय. मागच्या महिन्यात मी साताऱ्याला गेले होते तेव्हा बाबांनी मला अंगणात नेऊन हळूच सांगितलं, "तिला ते बेट दाखवू या गं एकदा."

ते बेट म्हणजे कंकणद्वीप, प्रवाळाचं कड्यासारखं बेट. आईने ३१ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. प्रवाळ बेटांचा धडा आला की ती फळ्यावर तीन आकृत्या काढायची. पहिलीत समुद्रातून वर आलेला ज्वालामुखी आणि त्याला चिकटून वाढलेलं प्रवाळ. दुसरीत डोंगर खचलाय, प्रवाळ वर वाढतंय, दोघांच्या मध्ये पाणी शिरलंय. तिसरीत डोंगर पार बुडालाय आणि पाण्यात उरलंय ते फक्त एक कडं. डार्विनने १८४२ मध्ये मांडलेलं हे स्पष्टीकरण आई अशा ओघात सांगायची की तो डोंगर आमच्या डोळ्यांदेखत बुडायचा. मी तिच्याच वर्गात होते. निळ्या खडूचा एक तुकडा ती खास या धड्यासाठी टेबलाच्या खणात जपून ठेवायची.

पण तिने स्वतः समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा, मुरुडचा आणि मुंबईचा. कंकणद्वीप कधीच नाही. शिवाय आमच्यासाठी याला आणखी एक अर्थ आहे. आमच्या घरामागचा काळा कातळ ज्या तप्तबिंदूवरच्या (पृथ्वीच्या पोटातून लाव्हा वर येतो त्या ठिकाणच्या) लाव्हाने सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी घडला, त्याच तप्तबिंदूवरून भारताचं भूखंड पुढे सरकत गेलं आणि त्याच्या मागावर समुद्रात जी डोंगररांग तयार झाली, तिच्यावर लक्षद्वीपची बेटं उभी आहेत. म्हणजे आमचा सह्याद्री आणि ती बेटं यांचं मूळ एकच. हे आई सांगते तेव्हा बाबा दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे ऐकतात.

आता अडचणीचं सांगते.

आई ७१ वर्षांची, तब्येत चांगली, पूर्ण शाकाहारी. बाबा ७५. त्यांचे दोन्ही गुडघे दोन वर्षांपूर्वी बदललेत. रोज दोन किलोमीटर चालतात, पण उंच पायरी उतरताना कुणाचा तरी हात लागतो. रक्तदाबाची गोळी चालू आहे. सोबत मी आणि माझा नवरा. दादा-वहिनी आणि भाची अमेरिकेहून येणार. दादाचा पासपोर्ट भारतीय, वहिनी आणि भाचीचा अमेरिकन.

मी आत्तापर्यंत शोधलेले पर्याय असे :

एक, लक्षद्वीप प्रशासनाच्या स्पोर्ट्स या संस्थेची 'समुद्रम' सहल. कोचीहून 'एमव्ही कवरत्ती' जहाज, पाच दिवस, कवरत्ती, कल्पेनी आणि मिनिकॉय अशी तीन बेटं. दिवसभर बेटावर आणि रात्री परत जहाजावर झोपायला. रोज सामान बांधायचं नाही, हॉटेल बदलायचं नाही, हे मला फार सोयीचं वाटतं. मिनिकॉयला १८८५ सालचं दीपगृह आहे आणि तिथे मलयाळमऐवजी मालदीवच्या भाषेची सख्खी बहीण असलेली महल भाषा बोलतात. कवरत्तीला समुद्राच्या थंड-गरम पाण्याच्या फरकावर गोडं पाणी करणारा प्रकल्प २००५ पासून चालतो. आईला हे सगळं बघायला प्रचंड आवडेल.

दोन, मुंबईहून निघणारी मोठी खासगी क्रूझ, जिच्या काही फेऱ्यांत लक्षद्वीप असतं. जहाज आलिशान, लिफ्ट वगैरे सगळं. पण बेटावर मिळतात काही तास, बाकी वेळ जहाजावरच.

तीन, कोचीहून विमानाने अगत्ती आणि तिथेच मुक्काम.

एका एजंटाकडेही जाऊन आले. परवाने हातात येण्याआधीच त्याने पूर्ण पैसे मागितले आणि परवाना नाकारला गेला तर पैसे परत मिळतील का, हे कागदावर लिहून द्यायला तो तयार झाला नाही. मी तिथून उठले. त्यामुळे आता जे काही करायचं ते आपलं आपण करायचं ठरवलंय, पण अनुभवी माणसाचा शब्द हवाय.

माझे प्रश्न : बाबांना जहाजातून छोट्या बोटीत उतरणं जमेल का? वहिनी आणि भाचीला परवानगी मिळेल का? फेब्रुवारीत समुद्र कसा असतो? आणि आईला शेवटपर्यंत काही कळू न देता हे सगळं करता येईल का? बाबांची फार इच्छा आहे की तिला एकदम कोचीच्या धक्क्यावरच कळावं.

प्रतिसाद

ताई, फार छान विचार. आम्ही चार वर्षांपूर्वी सासूबाईंना (तेव्हा वय ६९) घेऊन समुद्रम केलं.

फेब्रुवारी उत्तम. मे मध्यापासून सप्टेंबरपर्यंत पावसाळ्यामुळे सहली बंदच असतात. डिसेंबर ते मार्च समुद्र सगळ्यात शांत. तरी शांत म्हणजे तळ्यासारखा नव्हे.

छोट्या बोटीबद्दल सविस्तर लिहिते, कारण तुमच्या बाबांसाठी सगळं त्यावरच ठरणार आहे. बेटांभोवती प्रवाळाचा खडक असतो, त्यामुळे मोठं जहाज बऱ्याचदा बाहेर खोल पाण्यात नांगरतं. जहाजाच्या बाजूला पाण्याच्या जवळ एक दार उघडतं आणि तिथून खालच्या बोटीत पाऊल टाकायचं असतं. जहाज हलतं, बोटही हलते, आणि दोन्ही एका लयीत हलत नाहीत. खलाशी दोन्ही दंड धरतात, बोट वर आली की "आता" म्हणतात आणि त्याच क्षणी पाऊल टाकायचं. माणूस घाबरून मध्येच थांबला की पंचाईत. सासूबाईंना पहिल्या दिवशी रडू आलं, तिसऱ्या दिवशी त्या स्वतःहून पुढे झाल्या. पण त्यांचे गुडघे त्यांचे स्वतःचे होते. बेटागणिक दोनदा, म्हणजे तीन बेटांना सहा वेळा हे करायचं आहे. बाबांच्या सर्जनना हे असंच्या असं वर्णन करून विचारा, नुसतं "क्रूझला जाऊ का" असं विचारू नका.

बुकिंग करताना डायमंड वर्ग घ्या, दोघांची केबिन मिळते. गोल्डमध्ये चौघांची असते. डायमंडच्या केबिन मोजक्याच, त्यामुळे तारखा जाहीर झाल्या की लगेच पैसे भरा. आणि तुमची तारीख १२ आहे म्हणून १२ लाच जहाज असेल असं धरून चालू नका. जहाजाची तारीख आधी, वाढदिवस तिच्या अलीकडे-पलीकडे.

प्रतिसाद

नोकरीनिमित्त कोचीत राहतो म्हणून लिहितो.

आईंना न सांगता हे होणार नाही. लक्षद्वीपला जायला भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो. त्यासाठी पोलिसांचा दाखला, फोटो, ओळखपत्र हे सगळं प्रत्येकाच्या नावाने लागतं. पोलीस पडताळणी म्हणजे साताऱ्याच्या घरी फोन येणार किंवा माणूस येणार. ७१ वर्षांच्या बाईंना "पोलीस का आले" या काळजीत टाकू नका, सांगून टाका.

अमेरिकन पासपोर्टचं नीट बघा. परदेशी नागरिकांना सगळी बेटं खुली नाहीत. अगत्ती, बंगारम, कदमत ही त्यांच्यासाठी जुनी ठरलेली बेटं आहेत. मिनिकॉय धरून चालू नका. ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) आहे म्हणजे भारतीयांसारखंच चालेल असंही नाही, वेगळी परवानगी लागते. तिकिटं काढायच्या आधी स्पोर्ट्सच्या विलिंग्डन आयलंडवरच्या कार्यालयाला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

वैद्यकीय सोय : कवरत्ती आणि अगत्तीला सरकारी रुग्णालयं आहेत, गंभीर रुग्णाला हेलिकॉप्टरने कोचीला आणतात. रक्तदाबाच्या गोळ्या दुप्पट दिवसांच्या घ्या. उलटीची गोळी बाबांच्या डॉक्टरांना विचारूनच.

शाकाहारी जेवण मिळतं. भाजीपाला मुख्य भूमीवरून जहाजानेच येतो, त्यामुळे निवड कमी. खाकरे, मेतकूट, लोणचं बरोबर ठेवा.

प्रतिसाद

तुमच्या आईंसारखाच मीही भूगोलाचा शिक्षक, म्हणून एक वेगळं सांगतो. तुम्ही बेट दाखवायला चालला आहात, पण कंकणद्वीपाचं कंकण जहाजावरून दिसत नाही. ही बेटं समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटर उंच. जहाजावरून दिसते ती नारळांची एक हिरवी रेघ आणि फुटणाऱ्या लाटांची पांढरी रेघ. आपण फळ्यावर काढतो ते कडं असतं वरून बघितलेलं. ते बघायचं तर विमानच हवं. अगत्तीला उतरताना खालची खाजण, म्हणजे लगून, कड्याच्या आतलं उथळ पाणी, आणि भोवतीचं प्रवाळाचं कडं स्वच्छ दिसतं. मी त्या खिडकीशी बसून लहान मुलासारखा रडलो आहे. सगळ्या लक्षद्वीपची जमीन मिळून फक्त ३२ चौरस किलोमीटर आणि लगून मात्र सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर. हे आकडे मी वर्षानुवर्षं शिकवले, पण कळले त्या दिवशी.

अगत्तीहून बोटीने बंगारमला जाता येतं. बंगारम, तिन्नकरा आणि परळी ही बेटं एकाच कंकणावर आहेत. काचेच्या तळाच्या बोटीतून बाबांना पाण्यात न उतरता प्रवाळ बघता येईल. आईंना एवढं आधी सांगून ठेवा : १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी पाणी तापून तिथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडलं. सगळीकडे रंगीत बाग दिसेल अशी अपेक्षा नको.

आणि कृपया शाळेसाठी म्हणूनसुद्धा प्रवाळाचा तुकडा उचलू नका. मेलेला, किनाऱ्यावर पडलेला असला तरी नाही. वन्यजीव कायद्यात प्रवाळाला वाघाइतकंच संरक्षण आहे. शिक्षकांचाच हात आधी जातो, म्हणून सांगतो.

धागाकर्तीचा प्रतिसाद

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. सर, तुमचा प्रतिसाद मी बाबांना फोनवर दोनदा वाचून दाखवला.

सर्जनना भेटलो. त्यांनी जहाजातून बोटीत उतरण्याचं वर्णन नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, एकदा-दोनदा, दोन माणसं धरायला असतील तर हरकत नाही. सहा वेळा नको. म्हणजे समुद्रम बाद. मला वाईट वाटलं, मिनिकॉयचं दीपगृह मनात फार होतं. मुंबईची क्रूझही बाद केली, कारण आईला जहाज नाही, बेट बघायचंय. वहिनी-भाचीच्या परवानगीच्या दृष्टीनेही अगत्ती-बंगारमच बरं दिसतंय. दादाने स्पोर्ट्सला ईमेल केलाय, लेखी उत्तर येईपर्यंत कुणाचंच तिकीट काढत नाही.

पोलीस पडताळणीचं वाचल्यावर बाबांनी आईला सांगून टाकलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून कपाटातला ॲटलास काढून आणला. दोन दिवसांनी तिचा फोन आला : "नुसतं विमान नको. जाताना जहाजाने जाऊ, येताना विमानाने. मुलांना मी आधी आडवा छेद दाखवायचे आणि मग नकाशा. मलाही त्याच क्रमाने बघू दे."

तर आता विचार असा आहे : कोचीहून साध्या प्रवासी जहाजाने अगत्ती, दोघांची केबिन, बाबांना एकदाच बोटीत उतरावं लागेल. मग अगत्तीला दोन आणि बंगारमला दोन रात्री. येताना विमान.

कोचीच्या दादांना विचारायचंय : पर्यटकांना असं एका बाजूचं जहाजाचं तिकीट परवान्याबरोबर मिळतं का, की जायचं-यायचं एकाच मार्गाने दाखवावं लागतं? अगत्तीचा प्रवास १४ ते १८ तासांचा म्हणतात, तर जहाज उजाडताना पोचेल अशी फेरी निवडता येते का?

बंगारमला बोटीत चढता-उतरताना वाळूवरून जावं लागतं की धक्का आहे? तिथून परतताना समुद्र खवळला तर हाताशी एक जास्तीचा दिवस ठेवावा, असं मला वाटतं. बरोबर आहे ना?

आणि सरांना : अगत्तीहून कोचीला निघताना खिडकी कोणत्या बाजूची घ्यावी?